मुरगूडची शालूबाई

गाडीत बसण्याआधी अभिरामनं रोजच्यासारखा इरावतीच्या मानेकडे हात नेला, तर तिनं तो झटकला.

“आज तपासणी नाही. आज आपण पाहुणे म्हणून चाललोय.”

ऊन चांगलंच तापलं होतं, तरी तिनं गळ्याभोवती पदर घट्ट लपेटला होता. कोल्हापूर ते मुरगूड रस्त्याला धूळ फार, असं तिचं म्हणणं. अभिरामनं वाद घातला नाही. शहाणा नवरा धुळीवरून बायकोशी वाद घालत नाही.

अभिराम पॅथॉलॉजिस्ट. त्याच्याकडे माणसं येत नसत, माणसांचे तुकडे येत. काचपट्टीवरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि आजाराचं नाव सांगायचं, एवढंच खरं तर काम. पण याला पुढचंही सांगायची खाज. तोंडाच्या कॅन्सरची गाठ लहान असतानाच काढली तरी काही माणसं खणखणीत जगतात, आणि काही वर्षा-दोन वर्षांत मानेत गाठ येऊन जातात. असं का? त्यानं रुग्णालयातल्या जुन्या काचपट्ट्या काढल्या, नावं झाकली आणि नुसत्या गाठींच्या कडा बघितल्या. काहींची कड भाकरीच्या काठासारखी बंद होती. काहींच्या पेशी फाटक्या पोत्यातल्या ज्वारीसारख्या सुट्या होऊन खोल मांसात घुसल्या होत्या. या दुसऱ्यांवर त्यानं ‘वाईट’ अशी खूण केली. मग नावं उघडली आणि चौकशीला माणूस गावोगाव पाठवला.

‘वाईट’ खुणेची सगळी माणसं गेली होती. एक सोडून. मुरगूडची शालूबाई जिवंत होती. रोज रानात जाते, असं गल्लीतल्यांनी सांगितलं.

“एक बाई तुमच्या शास्त्राला पुरून उरली की, डॉक्टर!” सर्जन हंबीरराव तेव्हा पोट धरून हसले होते. अभिराम चडफडला होता. एका बाईनं त्याचा सुंदर सिद्धांत नासवला होता.

मग मागच्या वर्षी इरावतीच्या जिभेच्या कडेला तांदळाएवढा व्रण उठला. तंबाखूला कधी शिवली नाही ती, पण आजार कुठं चौकशी करून येतो? तुकडा अभिरामनंच बघितला. कड फुटलेली होती. तो काचपट्टी घेऊन हंबीररावांकडे गेला.

या वेळी हंबीरराव हसले नाहीत. “जिभेबरोबर मानेतल्या ग्रंथीही आत्ताच काढूया, आजार आधी तिथंच उतरतो. खांदा उतरेल, हात पूर्वीसारखा वर जाणार नाही. पण थांबू नये.”

इरावती शाळेत चित्रकला शिकवायची. फळ्यापर्यंत हात गेला नाही तर ती करणार काय? तिनं नवऱ्याला एकच विचारलं, “असला तुकडा असून, मान न कापता कुणी जगलंय?”

बुडत्याला काडीचा आधार लागतो. अभिरामच्या हाताशी तर सबंध बाई होती.

“जगलंय,” तो म्हणाला.

जिभेचा तुकडा काढला, मान राहिली. तेव्हापासून शालूबाई जणू त्यांच्याच घरात राहायला आली. गिळताना दुखलं की इरावती म्हणायची, “शालूबाईंनाही दुखलं असेल.” आणि गेल्या आठवड्यात अचानक म्हणाली, “मला त्यांना बघायचंय.” का, ते तिनं सांगितलं नाही; पण तेव्हापासून रोज काही ना काही निमित्त काढून तिनं मान तपासू दिली नव्हती.

शालूबाईचं घर विचारताच सापडलं. गोठ्यातून आवाज आला, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

“कोण पावणं म्हणायचं? या की, बसा की आत!”

“किती स्पष्ट बोलतात,” इरावती हळूच म्हणाली. तिचा स्वतःचा ‘र’ शस्त्रक्रियेपासून घसरत होता.

“बरीच वर्षं झाली ना. सवय होते,” अभिराम म्हणाला.

नको नको म्हणताना शालूबाईनं ताटं वाढली आणि सोबत म्हणून स्वतःही बसली. भाकरी, वर हिरव्या मिरचीचा खर्डा. ती मजेत खात होती. वर्षभर मऊ भात गिळणाऱ्या इरावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला फार फार आनंद झाला होता.

“काय झालं वो बाई? तिखाट लागलं?”

“नाही. मी तुम्हालाच बघायला आलेय.”

अभिरामनं ओळख सांगितली. तुमच्या जिभेचा तुकडा तेव्हा माझ्याकडे होता, म्हणाला. शालूबाईचा घास हातातच राहिला. तिनं दाराकडे बघितलं, मग कोपऱ्यात बसलेल्या नवऱ्याकडे, पूर्वी मिलमध्ये कामाला असलेल्या पिराजीकडे. म्हातारा खाली बघू लागला.

“मिलकडनं आलायसा व्हय?”

“छे हो. मिल तर कधीच बंद पडली.”

“पडली खरी,” ती म्हणाली, पण घास ताटातच ठेवला.

इरावतीनं सरकून तिचा हात धरला. तोंड उघडून कापलेली जीभ दाखवली. “माझंही तुमच्यासारखंच होतं. डॉक्टर मान कापा म्हणत होते. तुम्ही जगलात म्हणून मी नाही म्हणाले. तुमच्याच भरवशावर आहे मी.”

 शालूबाईनं पदराला डोळे पुसले.

“आता तुमच्यापासनं काय लपवू, बाई. मिलच्या कार्डावर कामगाराच्या बायकूलाच फुकट औषधपाणी हुतं, जावंला कोण करतंय? म्हणून माझं नाव सांगून धाकट्या जावंला दाखल केलतं. मला कधी काय झालंच न्हाय. जीभ तिची हुती, आणि मानंत गाठ उठून ती त्याच साली गेली की.”