नदीपर्यंतचा रस्ता

अकरा वाजता पेटी कायमची बंद होणार होती. मे २०२१च्या कोरोना-नियमानुसार एका मजल्यावर एकाच माणसाला परवानगी होती. म्हणून नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातल्या अस्थिसंग्रहाच्या तळघरात ऋता एकटीच होती. टेबलावर उघड्या पेटीत कवटी, शेजारी लॅपटॉपच्या पडद्यावर ऑस्ट्रेलियातल्या डल्सी आंटी.

कवटी पुरुषाची, वय अंदाजे बावीस. तिथल्या मूलनिवासींच्या दफनभूमीतून एका इंग्रज भूमापकाने ती उकरून विकली, त्याला एकशे साठ वर्षे झाली होती. आंटी त्याच्याच लोकांतल्या. त्या स्वतः येऊन त्याला नेणार होत्या. पण त्यांच्या देशाच्या सीमा बंद होत्या. उद्या तो मालवाहू विमानाने, सोबतीवाचून निघणार होता.

"निघायच्या आधी त्याला घरचा रस्ता सांगावा लागतो," आंटी म्हणाल्या. "नाहीतर मधेच कुठेतरी राहून जातो. काम नात्यातल्या माणसाचं. पण त्याच्याजवळ तूच आहेस."

ऋता हाडांची अभ्यासक होती. मेलेला माणूस कुठेही जात नाही, याविषयी तिला शंका नव्हती. "तुमच्या भाषेत तुम्हीच सांगा ना, आंटी. मी आवाज वाढवते."

"ती माझ्याकडे नाही गं. मिशनच्या शाळेत एक शब्द निघाला की साबणाने तोंड धुवायचे. दहाबारा शब्द उरलेत. त्यातले निम्मे माशांचे."

"मग मी इंग्रजीत सांगते."

"इंग्रजी नको. उकरणारे तीच बोलत होते. तुझी कोणती?"

"मराठी."

"तुझ्या लोकांनी आमच्यातल्या कुणाला उकरलंय?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

"मग चालेल."

ऋताने खुर्ची पुढे ओढली. तो वयाने लहान, तेव्हा एकेरीच योग्य. "हे बघ, उद्या ट्रकने अ‍ॅमस्टरडॅम. तिथून विमान. सिंगापूरला उतरायचं नाही, तिथे फक्त इंधन भरतात. अ‍ॅडलेडला आंटींची माणसं येतील. मग गाडीने नदीपर्यंत."

मराठीत मोठ्याने बोलून तिला तीन आठवडे झाले होते. आवाज खरखरला. ती थांबली नाही.

पावणेअकरा झाले तरी तिचे सांगणे चालूच होते, तेव्हा आंटींनी विचारले, "एवढा मोठा रस्ता आहे?"

ऋताने घडले ते जसेच्या तसे सांगितले. "तुमची नदी मी पाहिलेली नाही. वर्णन करताना आमची कृष्णा आली. मग मिरजेचा घाट, घाटावरून आमची गल्ली."

"आणि?"

"आई दार उघडते, तिथपर्यंत."

"शेवटची कधी गेली होतीस?"

"दीड वर्ष झालं."

आंटी पडद्याजवळ सरकल्या. "पुन्हा सांग, पोरी. नाहीतर तो बिचारा तुझ्या आईच्या दारात जाऊन उभा राहायचा, आणि तिला वाटायचं तूच आलीस."

ऋताने पहिल्यापासून सुरुवात केली. ट्रक, विमान, सिंगापूर, अ‍ॅडलेड. नदीपाशी येऊन तिने पडद्याकडे पाहिले.

"काठावर कोण उभं असेल?"

"मी," आंटी म्हणाल्या.

ऋताने पेटीकडे वळून ते मराठीत सांगितले.