मिरजेच्या फलाटावर

कामासाठी बंगाल सोडलेला बाप गाडीत झोपला होता. तुली पाणी भरायला मिरजेला उतरली आणि गाडी सुटली. आठ वर्षांच्या पोरीला इथली भाषा कळत नव्हती, पण बाप याच नळापाशी शोधत येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रात्री ती मुद्दाम बायकापोरांच्या घोळक्यात शिरून निजली, म्हणून कुणी हटकलंही नाही. दुसऱ्या दिवशी एक माणूस बिस्किटं दाखवत तिला ओढू लागला. तुलीनं हिसडा देऊन पेरूवाल्या सुलाबाईंचा पदर धरला आणि मोठ्यानं म्हटलं, "मा." सुलाबाईंनी आधी पोरीकडं पाहिलं, मग माणसाकडं. "माजी लेक हाय. तुजं काय काम?" तो गुमान निघून गेला. संध्याकाळी बाप धावत आला, तशा सुलाबाई मध्ये उभ्या राहिल्या. "थांबा. पोरीला वळखू द्या." तुली हसली, तेव्हाच त्यांनी तिचा हात सोडला.