सोबत

ईरप्पाअण्णा जिना चढून दारात आले तरी अर्शीने शिलाई मशीन थांबवलं नाही. हातातल्या साडीचा पिको पुरा होईपर्यंत तिने त्यांना तसंच उभं ठेवलं. नवी पेठेतल्या मोठ्या साडी दुकानाचा मालक. त्यांच्या साड्यांना तिची अम्मी माजिदा वीस वर्षं फॉल-पिको करत आली, पण हे पाऊल घरात कधी पडलं नव्हतं. मागे त्यांची मुलगी चंद्रिका होती, अर्शीची कॉलेजातली मैत्रीण. म्हणजे एकेकाळची.

ते कशाला आलेत हे अर्शीला ठाऊक होतं. हैदराबादच्या एका विद्यापीठाने एमएस्सीसाठी निवडलेल्या मुलांना दोन दिवस बोलावलं होतं. प्रयोगशाळा बघा, हॉस्टेल बघा, सरांना भेटा, मग प्रवेश पक्का करा. सोलापुरातून या दोघीच निवडल्या गेल्या होत्या. अर्शीची सगळी आखणी झाली होती. सोमवारची गाडी, हैदराबादला खालाच्या, म्हणजे मावशीच्या घरी मुक्काम, कुठल्या सरांना काय विचारायचं, सगळं वहीत उतरवून ठेवलेलं. अण्णा आले की काय बोलायचं तेवढं वहीत नव्हतं, पण ते तिने सगळ्यात आधी ठरवलं होतं.

माजिदाने लगबगीने खुर्ची पुसली. अण्णा बसले आणि आपली अडचण सांगू लागले. लग्नसराईत दुकान सोडून हलता येत नाही. चंद्रिकाच्या आईचे गुडघे धरलेत. पोरगी एकटी कधी कुठं गेलेली नाही, आणि हॉस्टेल बघून आल्याशिवाय ते तर प्रवेशाला हो म्हणणार नाहीत.

"तुजी सोबत असली तर पाटवतो," ते म्हणाले. "तुज्या मावशीकडं दोन रात्री राहील की."

अर्शीला मनातून उकळ्या फुटत होत्या. गेल्या वर्षी याच प्रवेश परीक्षेचं केंद्र पुण्याला होतं आणि नेमका एसटीचा संप लागला. रेल्वेत पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णांची गाडी चंद्रिकाला घेऊन पुण्याला निघाल्याचं कळलं तशी अर्शी पिशवी घेऊन दुकानापुढे जाऊन उभी राहिली. "जागा न्हाय," अण्णा म्हणाले होते आणि तिच्या देखत मागच्या सीटवर साड्यांचे दोन गठ्ठे ठेवायला लावले होते. गठ्ठ्यांशेजारी बसलेल्या चंद्रिकाने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. अर्शीची परीक्षा बुडाली. चंद्रिका देऊनही नापास झाली, तेवढंच समाधान. यंदा केंद्र सोलापुरातच आलं म्हणून निभावलं, पण मधलं अख्खं वर्ष अर्शीने या मशीनवर काढलं आणि रोज या माणसाच्या नावाने बोटं मोडली.

"जागा न्हाय, अण्णा," ती म्हणाली. एकेक अक्षर सुटं करून म्हणाली. "खालाचं घर एका खोलीचं. मलाच कसंबसं झोपायला मिळंल."

हे धडधडीत खोटं होतं. खालाच्या दोन खोल्या होत्या आणि मैत्रिणीलाही घेऊन ये, असं तिने फोनवर बजावलं होतं. चहा घेऊन आलेल्या माजिदाने काही बोलायला तोंड उघडलं. अर्शीने डोळे वटारले तशी तिने कपबशी अण्णांपुढे ठेवली.

आता शेठ गयावया करतील. मग बघते म्हणायचं, चार दिवस ताटकळत ठेवायचं, चांगलं नाक घासायला लावायचं. गाडीच्या आदल्या दिवशी वाटलं तर हो म्हणायचं, नाहीतर नाही. अर्शी वाट बघत राहिली.

"बरं. न्हाय तर न्हाय," अण्णा म्हणाले. त्यांनी चहा बशीत ओतून निवांत प्यायला, माजिदाला चहा चांगला झाल्याचं सांगितलं आणि जिना उतरून गेले.

अर्शीला फसल्यासारखं वाटलं. सूड उगवला होता आणि तोंडाला चव आली नव्हती. चंद्रिका अजून दारात चपलेत पाय घालत होती. अर्शीने तिलाच टोमणा मारला, की एवढंच जायचं असेल तर दुसरी कुणी सोबत बघ.

"निंगव्वा आत्या येतो म्हनली हुती माज्याबरोबर," चंद्रिका खाली बघत म्हणाली. "अण्णांनी तिला नको म्हटलं. अर्शी हो म्हनली तरच जा, म्हनले. तिनं नेलं तर मी अडवनार न्हाय, शब्द दिला मला."

ती निघून गेली. खालून अण्णांचा आवाज येत होता. ते फोनवर बार्शीच्या कुणाशी तरी बोलत होते आणि त्यांच्या आवाजात एवढा गोडवा अर्शीने कधी ऐकला नव्हता.

"व्हय, हैदराबादचं राहिलं. सोबतच मिळाली न्हाय की. रविवारी या तुमी, मुलगी बगून घ्या."

अर्शी गॅलरीत धावली. चंद्रिका स्कूटरवर मागे बसली होती.

"अण्णा, जागा हाय," अर्शी वरून ओरडली. "मी खोटं बोलले. मी नेते तिला."

अण्णांनी फोन खिशात घातला आणि वर पाहिलं. ते अजिबात रागावले नव्हते.

"आता नको, पोरी," ते म्हणाले. "पावण्यांना या म्हनून बसलो की. तुज्यामुळं लवकर मिटलं."