कुर्बानचाचांचं नाव

"तुमचं नाव अमेरिकेच्या यादीत निघालं, चाचा," प्रीतम सिरसाट म्हणाला, आणि कुर्बान हुसेन यांनी हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला.

अकोल्याच्या आपल्या दुकानात प्रीतम इंटरनेटवरची नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, विकायचा. नावं अमेरिकेतल्या कंपनीची, विक्री त्याची, आणि दर नोंदणीवर ग्राहकासोबत विक्रेता म्हणून त्याचंही नाव. वर्ष संपलं की नूतनीकरण करायचं. यंदा कंपनीने नोंदणीतली माणसं तपासणारी नवी चाळणी बसवली होती आणि तिच्यातून जायचा पहिला मान चाचांच्या साइटला मिळाला. साइट बंद पडली. निरोप एवढाच आला की, या नोंदणीशी जोडलेल्या व्यक्तीचं नाव आणि जन्मतारीख व्यापारबंदीच्या यादीशी जुळते आहे.

"म्या काय केलं बाप्पा?" चाचांनी विचारलं.

"केलं काई नाई. ज्या देशायशी, ज्या मानसायशी अमेरिकेचं वाकडं, त्यायची ते यादी करते. यादीतल्या मानसाले तिथल्या कंपनीनं टाचणीबी इकायची नाई. मंग वेबसाइट तं लांबच रायली."

चाचा पातूरला टोकणयंत्रं बनवायचे. उभ्या उभ्या दाबत चालायचं, की एकेक दाणा जमिनीत. लागोपाठच्या कोरड्या सालांनी वऱ्हाडाचं कंबरडं मोडलं होतं. ट्रॅक्टर लावून पेरायची हौस फिटली, तशी चाचांच्या यंत्राला पार मराठवाड्यातून मागणी येऊ लागली, आणि ती सगळी साइटवरून. प्रत्येक यंत्राच्या दांड्यावर साइटचं नाव ठोकलेलं असे. आता पेरणी तोंडावर आली होती. शुक्रवारपर्यंत कुलूप निघालं नाही, तर ते नाव बाजारात मोकळं सुटणार आणि ज्याला हवं तो उचलणार होता. म्हणजे आयुष्यभराच्या कष्टावर दुसऱ्याच कोणाची पाटी.

प्रीतमने यादी उघडली. कुर्बान सापडले, हुसेन तर पोत्याने सापडले. त्याचं समाधान झालं आणि त्याने ती मिटून टाकली.

"जन्मतारीख काय तुमची?"

"एक जुलै."

"पक्की?"

तेवढ्या चिंतेतही चाचांना हसू आलं. "अम्मी म्हने, मी कापूस वेचनीत झालो. एक जुलै तं खुशालराव गुरुजीनं लावली."

प्रीतमने टेबलावर थाप मारली. वाट सापडली होती. तोही पातूरच्या त्याच शाळेत शिकलेला, त्यामुळे गुरुजींचं घर शोधावं लागलं नाही. गुरुजी पार वाळून गेले होते, पण आवाज अजून खणखणीत होता.

"शाळा उघडली का पोरगं सहा वर्साचं पायजे," ते म्हणाले. "मायले इचारलं तं ते सांगे, बैलायचा पोया झाला अन् हा झाला. कोन्त्या सालचा पोया, ते कोनाले ठाऊक? मंग मी साऱ्यायले एक जुलै लावून देल्ली. पोरं शिकले का नाई?"

तोवर गावात बातमी पसरली होती, आणि पसरताना तिला शिंगंही फुटली होती. चाचांनी चहाच्या टपरीवर बसणं सोडलं. "जाऊ दे ते नाव, पोरा," ते प्रीतमला म्हणाले. "लोकं माह्याकडं पायतात अन् बोलता बोलता गप होतात. मले ते सोसत नाई."

प्रीतमला आतून तुटलं. या माणसावरचा डाग मी धुऊन काढीनच, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि खरं सांगायचं तर, धुणारा आपण आहोत याचं त्याला थोडं बरंही वाटलं.

कंपनीला पाठवायच्या व्हिडिओसाठी शाळेच्या पटांगणात त्याने गुरुजींचे जुने विद्यार्थी गोळा केले. बौद्धवाड्यातले आले, मोमीनपुऱ्यातले आले, माळी आले. एकेकाने समोर येऊन नाव सांगायचं आणि जन्मतारीख सांगायची. एक जुलै, एक जुलै, पुन्हा एक जुलै. केशरबाईंनी तर वर जोडून दिलं, "माह्या मालकाचीबी तेच हाये. आमी एकाच दिवशी म्हातारे झालो." सगळं पटांगण हसलं. शेवटी ईदचा कुडता घातलेले चाचा पुढे आले. त्यांनी नाव सांगितलं, तारीख सांगितली, आणि हात जोडून तसेच उभे राहिले. कॅमेऱ्यामागे उभ्या प्रीतमचेही डोळे भरून आले.

गुरुवारी दुपारी कंपनीच्या पुण्याच्या कचेरीतून फोन आला. पातूरहून आलेल्या माणसांनी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रीतमने सर्वांना ऐकू जाईल असा फोन टेबलावर मांडला.

"साइट सुरू केली आहे, सर," पलीकडून एका बाईंचा आवाज आला. "जन्मतारखेचा खुलासा आम्हाला पटला. आमच्याकडच्या दाखल्यावरही तीच शाळा आहे."

मग काय विचारता! गुरुजींनी काठी आपटली, केशरबाईंनी चाचांच्या तोंडात आख्खा पेढा कोंबला. लोक चाचांना कडकडून भेटत होते आणि चाचा प्रीतमचा हात सोडत नव्हते. अमेरिकेला पातूरने वाकवलं होतं. प्रीतमची छाती फुगली. त्याने हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

"मॅडम, एक मेहरबानी करा. सारं गाव इथं जमलं आहे. आमच्या कुर्बान हुसेन साहेबांचं नाव साफ झालं, एवढं तुमच्या तोंडानं सांगा."

पलीकडे कीबोर्डवर बोटं वाजली.

"कुर्बान हुसेन म्हणजे ते शेवटी हात जोडून उभे होते, ते काका का?" बाईंनी विचारलं. "त्यांच्या नावावर आक्षेप कोणी घेतला होता, सर? चाळणीत अडकले होते ते विक्रेते प्रीतम सिरसाट, म्हणजे तुम्ही."