राजपुत्राचं राहू दे

डंपरने बायकोला चिरडल्याची बातमी आली, त्या दिवसापासून सदानंद हसला नव्हता. डंपरचा मालक पोलिसांना म्हणाला होता, "माझी गाडी चांगली होती, बाईच आडवी आली."

चार महिन्यांनी लेक त्याला जादूच्या राज्यातली एक प्रेमकथा वाचून दाखवू लागली. त्या कथेची नायिका आपल्या आईला ठार मारणाऱ्या राजाच्याच महालात दासी बनून शिरली होती.

"राजपुत्राचं राहू दे गं, राजाचं काय करते ते वाच."

"बाबा, आत्ता कुठे त्याने तिचा हात धरलाय! थांबा जरा."

नायिकेने राजाची इतकी स्तुती केली, की बढाई मारता मारता त्याने भर दरबारात खून कबूल केला. "फसला लेकाचा!" सदानंदने मांडीवर थाप मारली आणि तो खदखदून हसला.

रविवारी डंपरचा मालक समेटासाठी आला. सदानंदने त्याला चहा दिला. "वीस डंपर, पण एकाचाही खाडा नाही म्हणे! कमाल आहे, शेठ."

"खाडा कसला? त्या अपघाताच्या दिवशीसुद्धा ब्रेक धरत नव्हते, तरी गाडी काढायला लावलीच की मी."

आत लेकीच्या मोबाइलवर प्रत्येक शब्द उतरत होता. आता पोलीस ठाण्यात जायचं तेवढं राहिलं होतं.