गुडघ्यांची फळी

लाटेने पुन्हा उलटंपालटं केलं, तेव्हा दिगंबर खवळे खारं पाणी थुंकत किनाऱ्यावर आले. गुडघ्यांवर बसून लाटेवर स्वार व्हायची ती फळी त्यांनी पावसाळाभर खपून बनवली होती. होड्या बांधण्यात जन्म गेला, पण ही काही लाटेवर टिकेना.

“सरपणात टाकतंय,” ते म्हणाले.

“त्याआधी माका बसवा.”

आजवर त्यांच्या खटपटींना नुसतं हसणारी सुलोचना साडी खोचून उभी होती. नाइलाजाने त्यांनी बायकोला फळीवर बसवून ढकललं. लाट आली आणि सुलोचना ताठ बसून थेट वाळूपर्यंत गेली.

“काय केलंस?”

“काय्येक नाय. गप बसलंय.”

फळी चांगली निघाली याचा आनंद मानावा, की दोष आपल्यातच होता याची लाज वाटून घ्यावी, हे दिगंबरना कळेना.

तोवर सुलोचना फळी ओढत पाण्यात शिरली होती.

“चला,” ती म्हणाली, “आता वायच खोल जावया.”