आईच्या लाडक्या पेशी

मुलांनो, समजा, रविवारीसुद्धा तुमची आई तुम्हाला घरी ठेवून दुसऱ्यांनाच भरवायला जाते.

भिंगरीची आई तशीच प्रयोगशाळेत जायची, काचेच्या बशीतल्या पेशींना खाऊ घालायला. एकदा भिंगरी हट्टाने सोबत गेली. सूक्ष्मदर्शकातून त्या गुबगुबीत पेशी बघून तिचा नुसता जळफळाट झाला.

"माझ्यापेक्षा यांचेच लाड!"

"लाड कसले, वेडाबाई? या मेंदूतल्या गाठीच्या पेशी. खाऊ घालून वाढवायच्या आणि मग वनस्पतीचा अर्क सोडायचा. तो यांचं आवरण फोडून यांना मारतो का, तेच बघतेय."

संध्याकाळी आईने भिंगरीला मांडीवर घेतलं आणि घास पुढे केला. "खा गं, चांगली गुबगुबीत हो."



भिंगरीने घास हुंगला आणि आईचाच हात आईच्या तोंडाकडे वळवला. "आधी तू खा."